झोळी आणि जमाखर्च

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड लिन्लिथगो यांना एक निवेदन सादर करण्यात आले. तो काळ मोठा धामधुमीचा होता. ऑगस्टमध्ये पेटलेले 'छोडो भारत' आंदोलन शमले नव्हते, जपानी फौजा ब्रह्मदेश घेऊन पूर्वेच्या सरहद्दीपाशी येऊन ठेपल्या होत्या, आणि सरकारचे चित्त व वित्त दोन्ही युद्धात गुंतलेले होते. अशा वेळी तीन महिन्यांपूर्वीच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा सभासद म्हणून रुजू झालेला एक गृहस्थ विद्यार्थ्यांसाठी पैसे मागत होता. हे गृहस्थ म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. निवेदनाचा विषय होता अनुसूचित जातींची गाऱ्हाणी, आणि त्यातील शिक्षणविषयक भागात दोन रकमा स्वच्छ मांडलेल्या होत्या. शास्त्र व तंत्रविद्या शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना देशातल्या विद्यापीठांत व तंत्रशाळांत शिष्यवृत्त्या देण्यासाठी दरसाल २ लाख रुपये, आणि याच विषयांच्या परदेशी शिक्षणासाठी दरसाल १ लाख.

शाळा-कॉलेजांसाठी पैसा उभा करणे हा महाराष्ट्राचा जुना व्यवसाय आहे, असे म्हटले तरी चालेल. आपल्याकडे या कामाची एक थोर परंपरा आहे आणि तिचे चिन्ह झोळी हे आहे. महर्षी कर्वे विधवांच्या आश्रमासाठी दारोदार फिरले. पुढे सत्तरी ओलांडल्यावर महिला विद्यापीठासाठी त्यांनी युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका पालथी घातली. भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या खेड्यापाड्यांतून मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहांच्या चुली पेटत्या ठेवल्या. या मालिकेत आंबेडकरांचे नाव सहसा घेतले जात नाही. घटनाकार, सत्याग्रही, पंडित, धर्मांतराचे नेते अशा अनेक नात्यांनी त्यांचे स्मरण होते. परंतु शिक्षणासाठी पैसा उभा करणारा माणूस म्हणून त्यांचा विचार क्वचितच होतो. याचे कारण उघड आहे. त्यांच्या हातात झोळी दिसत नाही. त्यांच्या हातात दिसतो तो जमाखर्च.

निवेदनातील युक्तिवाद पाहिला म्हणजे हे ध्यानात येते. अलिगढच्या मुस्लिम विद्यापीठाला आणि बनारसच्या हिंदू विद्यापीठाला हिंदुस्थान सरकार प्रत्येकी ३ लाख रुपयांचे वार्षिक अनुदान देत होते. त्या दोन आकड्यांशेजारी आंबेडकरांनी आपला तिसरा आकडा ठेवला. दया करा, गरिबीकडे पाहा, असा सूर त्यात कोठेही नाही. राज्याच्या खजिन्यातून इतरांना जे मिळते त्याच मापाने आम्हालाही मोजा, एवढेच म्हणणे. रक्कम कशासाठी हवी हेही त्यांनी मोघम ठेवले नाही. कला आणि कायदा या शाखांचे शिक्षण काही प्रमाणात तरी साध्य होते. पण प्रयोगशाळा, यंत्रे आणि दीर्घ मुदतीचे अभ्यासक्रम यांमुळे शास्त्र व तंत्रविद्या गरिबाच्या आटोक्याबाहेर राहते, आणि पुढच्या काळात मोलाच्या जागा तर तिथेच निर्माण होणार. शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागा मिळाव्यात, अशीही मागणी त्याला जोडलेली होती. सरकारी कचेरीत ज्याने दहा-वीस वर्षे टिपणे वाचली आहेत त्याला या कागदाचे मर्म लवकर कळेल. मागणी नेमकी, रक्कम नेमकी, तिला आधी दिलेल्या मंजुरीचा दाखला, आणि खर्चाचे शीर्षकही सुचवलेले. 'नाही' म्हणायला जागा फार थोडी ठेवलेली होती.

ही रीत काही दिल्लीत येऊन जमलेली नव्हती. तिचा उगम शोधायचा तर पंधरा वर्षे मागे, मुंबईच्या कायदे कौन्सिलात जावे लागते. १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू असता नुकतेच सभासद झालेले आंबेडकर बोलावयास उभे राहिले. त्यांनी सभागृहापुढे दोन आकडे ठेवले. १९२३-२४ साली मुंबई इलाख्यात शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च झाला आणि त्याच इलाख्यातून अबकारी उत्पन्न म्हणून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल झाले. दारूच्या पेल्यातून जे लोकांकडून घेतले जाते, ते निदान विद्येच्या रूपाने लोकांना परत मिळाले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात, हेही त्यांनी दाखवले. चालू वेगाने गेल्यास शाळायोग्य वयाची सर्व मुले शिक्षणाच्या कक्षेत यायला ४० वर्षे आणि मुली यायला ३०० वर्षे लागतील, हा सरकारी अहवालातला हिशेबही त्यांनी तेथे वाचून दाखवला. फीच्या उत्पन्नावर कॉलेजे चालवण्याची प्रवृत्ती त्यांना मान्य नव्हती. शिक्षण खाते हे देवघेवीच्या हिशेबाने चालवण्याचे खाते नव्हे, असे त्यांनी बजावले.

या भाषणानंतर आठ दिवसांनी, २० मार्चला, महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. या दोन घटना आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो, पण त्या एकाच सूत्रात ओवलेल्या आहेत. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली कौन्सिलात संमत करून घेतलेला ठराव काय होता? सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालवली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. 'सार्वजनिक पैशाने' हा त्यातला कळीचा शब्द. ठराव कागदावरच राहतो असे दिसून आल्यावर १९२६ साली बोल्यांनी दुसरा ठराव आणला. जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड तो अमलात आणणार नाही, तिचे अनुदान सरकारने रोखावे! तळे काय, शाळा काय, ज्याच्या करातून ती चालते त्याचा तिच्यावर हक्क आहे आणि हक्क नाकारणाऱ्याला त्या पैशावर बसता येणार नाही, हा विचार त्यामागे आहे. महाडच्या परिषदेसाठी मात्र चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. सार्वजनिक तळे समोर भरलेले असताना पाण्याला मोल द्यावे लागते, तेव्हा त्या समाजाकडून एकाच वस्तूची किंमत दोनदा वसूल केली जात असते.

असा विचार मांडणारे आंबेडकर पहिले नव्हेत. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हेच गणित मांडले होते. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो. म्हणून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असा त्यांचा आग्रह होता. फुल्यांच्या आणि आंबेडकरांच्या कागदांत साठ वर्षांचे अंतर आहे. शब्द बदलले, खतावणी तीच राहिली.

परंतु आंबेडकरांना दानाची किंमत कळत नव्हती असे कोणी समजू नये. ते स्वतः दानावर शिकले होते. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला. १९१७ साली तो करार पाळण्यासाठी ते बडोद्यास आले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला त्या शहरात राहावयास खोली मिळेना. एका पारशी निवासात नाव लपवून ते राहिले, आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. महाराजांचे औदार्य खोटे नव्हते. त्यांच्या शिष्यवृत्तीशिवाय पुढचे काहीच घडले नसते. परंतु एका उदार पुरुषाची कृपा त्या पुरुषाच्या हुकमाच्या कक्षेबाहेर पोहोचत नाही, हे बडोद्याच्या त्या दिवसांनी शिकवले असले पाहिजे. पुढे लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी १९२० साली ते निघाले तेव्हा शाहू महाराजांचे साह्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५ हजारांचे कर्ज त्यांच्या गाठीशी होते. दान, करार, मदत, उसनवारी यांतले कोणते ओझे किती जड असते, हे त्यांनी स्वतःच्या खांद्यावर तोलून पाहिले होते.

ते न्यूयॉर्कमध्ये शिकत होते त्याच काळात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये याच प्रश्नावर मोठा वाद चालू होता. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली अलाबामात टस्कीगीची शाळा काढली आणि तिच्यासाठी पैसा उभा करण्याचे कसब पराकोटीला नेले. विटा पाडण्याच्या तीन भट्ट्या फसल्यावर चौथीसाठी त्यांनी आपले घड्याळ पंधरा डॉलरांना गहाण टाकले, आणि ती भट्टी साधली. पुढे उत्तरेकडचे धनिक त्यांच्या शाळेचे आश्रयदाते झाले. एकट्या अँड्र्यू कार्नेगीने १९०३ साली ६ लाख डॉलर दिले. पण या मैत्रीची किंमत काय, असा प्रश्न त्याच वर्षी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी उघडपणे विचारला. गोऱ्या दात्यांना न दुखावण्याच्या धोरणापायी मताधिकार, नागरी समता आणि उच्च शिक्षण यांचा आग्रह सोडावा लागत असेल, तर मिळाले काय आणि गेले काय? १९४६ साली आंबेडकरांनी याच ड्युबॉइसना पत्र लिहिले होते, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. वॉशिंग्टन यांच्याच प्रेरणेने ज्युलियस रोझेनवाल्ड या व्यापाऱ्याने दक्षिणेत शाळा बांधावयास मदत सुरू केली. १९३२ पर्यंत सुमारे ५ हजार इमारती उभ्या राहिल्या. अट एकच होती: गावच्या लोकांनीही वाटा उचलावा. हिशेब पुरा झाला तेव्हा कृष्णवर्णीय शेतकऱ्या-मजुरांनी दिलेली रोख वर्गणी रोझेनवाल्ड यांच्या देणगीहून जास्त भरली. कापसाच्या शेतात राबणाऱ्यांनी सरकारला कर दिला होताच. त्या करातून गोऱ्यांच्या शाळा चालल्या, आणि स्वतःच्या मुलांच्या शाळेसाठी त्यांनी पुन्हा खिसा उलटा केला. त्यांच्या त्यागापुढे मान लवते, पण अन्यायही त्यातच दडलेला आहे. महाडच्या चाळीस रुपयांच्या पाण्याची ही थोरली बहीण.

आता पुन्हा दिल्लीकडे वळू. आंबेडकर त्या वेळी पृथ्वीराज रोडवरील २२ क्रमांकाच्या बंगल्यात राहत होते. निवेदनामागची हकीकत त्यांनी पुढे १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात सांगितली. व्हाइसरॉयला त्यांनी अलिगढ आणि बनारसच्या अनुदानांची आठवण करून दिली, तेव्हा काय हवे ते लिहून आणा असे उत्तर आले. निवेदनाचा जन्म तेथला. पैसे मिळाले, पण ते खर्च कसे करायचे हा पेच पडला. मुलींच्या शिक्षणाचा, त्यांच्या वसतिगृहांचा विचार झाला. त्याची घडी काही बसेना. मंजूर झालेली रक्कम पडून राहते की काय अशी वेळ आली. तेव्हा आंबेडकर पुन्हा व्हाइसरॉयकडे गेले आणि त्यांनी विचारले, की मी एकटा पाचशे पदवीधरांच्या बरोबरीचा आहे की नाही? व्हाइसरॉयने ते कबूल केले. मग त्यांचे म्हणणे असे, की उंच जागी बसून सगळीकडे नजर ठेवू शकतील अशी माणसे मला हवी आहेत, नुसते कारकून निर्माण करून भागणार नाही. ते पटले, आणि १६ विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी विलायतेला पाठवण्यात आले. या सोळांविषयी बोलताना आंबेडकरांनी कोणाला चढवून ठेवले नाही. मडकी काही पक्की निघतात, काही कच्ची, अशा अर्थाचे ते बोलले.

मडक्यांचा हा उल्लेख गमतीचा खरा, पण निधी जमवणाऱ्यांनी तो मनावर घ्यावा असा आहे. पैसा मिळवण्याच्या कथा आपण रंगवून सांगतो. तो खर्च कसा झाला, कुठे अडला, कोणाच्या हातून वाया गेला, याची कथा कोणी सांगत नाही. आंबेडकरांनी ती लाखोंच्या सभेत, स्वतःच्या लोकांपुढे सांगितली. आणि मुलींसाठी आखलेला बेत वसतिगृहाच्या पायरीशी अडला, ही त्यातली सर्वांत बोचणारी गोष्ट आहे. १९२७ साली ज्या तीनशे वर्षांचा हिशेब त्यांनी कौन्सिलात वाचला होता, त्यातली काही वर्षे तरी त्या रकमेने कमी झाली असती.

देशातल्या शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती १९४४-४५ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी ११४ विद्यार्थ्यांना ती मिळाली. १९४८-४९ मध्ये ती अनुसूचित जमातींना आणि त्यापुढच्या वर्षी इतर मागास वर्गांना लागू झाली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती या नावाने ती आजही चालू आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली, आणि त्यात केंद्र व राज्य यांचा वाटा ६० आणि ४० असा ठरला. तीन लाखांच्या त्या ओळीला आज एवढ्या फांद्या फुटल्या आहेत. एखाद्या दात्याच्या मृत्युपत्राला असे फळ क्वचितच येते. दाता गेला की वारस भांडतात. अंदाजपत्रकातली ओळ मात्र एकदा शिरली की सहसा निघत नाही.

पण तीही निघू शकते, आणि याचा दाखला साताऱ्यात मिळतो. १९४८ साली, भाऊराव पाटलांच्या एका भाषणाचा राग मनात धरून, मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान बंद केले. संस्थेचा पसारा तोवर मोठा झाला होता. शाळा होत्या, शिक्षक होते, वसतिगृहांत जेवणारी शेकडो मुले होती. तो काळ संस्थेने लोकांच्या पैशावर आणि धान्यावर काढला. गाडगे महाराजांनी सरकारपाशी शब्द टाकला, आणि काही काळाने अनुदान पुन्हा सुरू झाले. ज्या चुली एकेकाळी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने मोडून पेटल्या होत्या, त्या सरकारने फुंकर मारली म्हणून विझल्या नाहीत. हक्काच्या पैशाची वाट पाहत असताना घरात मूठभर दाणे लागतात, हे भाऊरावांना ठाऊक होते. त्या मुठीमुळेच त्यांना सरकारपुढे ताठ मानेने बोलता आले. म्हणून झोळी आणि जमाखर्च यांत एक खरे व दुसरे खोटे असा निवाडा करता येत नाही. करायचाच झाला तर एवढा, की झोळी घेऊन निघण्यापूर्वी जमाखर्च वाचलेला असावा. म्हणजे आपण कोणाचे देणे मागत आहोत आणि कोणाची कृपा, हे मागणाऱ्याला तरी कळते.

महर्षी कर्व्यांनाही याचा अनुभव आला होता. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली. त्याचे व्याज दरसाल ५२,५०० रुपये. देणगीबरोबर दात्याच्या मातोश्रींचे नाव आणि काही अटी आल्या. कर्व्यांनी त्या स्वीकारल्या आणि विद्यापीठ जगले. त्यांची निवड चूक म्हणण्याचे धैर्य कोणी करू नये. मात्र त्याच कर्व्यांनी १९३६ नंतर, वयाची अठ्ठ्याहत्तरी गाठल्यावर, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी आपल्या तुटपुंज्या पेन्शनमधून दरमहा रक्कम बाजूला काढली आणि पुन्हा नाण्या-नाण्याने निधी जमवू लागले. मोठ्या देणगीनंतरही माणूस लहान नाण्यांकडे परत जातो, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

आंबेडकरही केवळ सरकारवर विसंबून राहिले नाहीत. मजूर खात्याचे काम चालू असतानाच, ८ जुलै १९४५ रोजी, त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. संस्थेच्या नावात जात नव्हती, आणि तिचे दार कोणत्याही जातीला बंद नव्हते. दिल्लीच्या सरकारी बंगल्यातून मुंबईला कमलाकांत चित्र्यांना पत्रे जाऊ लागली. संस्थेच्या कारभारातल्या बारीकसारीक गोष्टींवर दूर राहूनही त्यांचे लक्ष असे. २० जून १९४६ रोजी मुंबईत मरीन लाइन्सजवळच्या जुन्या लष्करी बराकींत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. युद्ध संपल्यामुळे त्या रिकाम्या पडल्या होत्या. वर्ग सकाळी लवकर भरत, कारण पुष्कळ विद्यार्थ्यांना दिवसा नोकरी होती. नुसते कारकून निर्माण करून भागणार नाही, असे व्हाइसरॉयला सांगणाऱ्या माणसाच्या कॉलेजात पहिल्या बाकांवर कारकूनच येऊन बसले होते. तास संपला की वह्या काखोटीला मारून ते फोर्टातल्या कचेऱ्यांकडे चालू लागत. आणि दुसऱ्या दिवशी, गाव उठण्यापूर्वी, पुन्हा बराकीच्या दाराशी हजर असत.